पाण्यामागे जाणारी सफर : आफ्रिकेतील आडवाटेच्या सफारीचे गणित

महाराष्ट्रातील जंगलांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून वन्यप्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा ज्यांना परिचित आहे, त्यांना प्राणिदर्शनाचे मूलतत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही. भर उन्हाळ्यात ओढे-नाले आटतात, पानगळीने झाडी विरळ होते आणि एरवी जंगलभर पांगलेले प्राणी उरलेल्या मोजक्या पाण्यापाशी येतात. आफ्रिकेतील सफारीची आखणीही याच तत्त्वावर चालते. मात्र तेथे गेल्यावर दोन कोडी पडतात. पहिले कोडे असे की, बोत्स्वाना या देशातील ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात, आभाळातून महिनोन्‌महिने थेंबही पडत नाही अशा ऐन कोरड्या ऋतूत, पूर येतो. दुसरे कोडे पैशाचे आहे. ज्या कॅम्पपर्यंत रस्ता जात नाही, विजेची तार पोचत नाही आणि जेथील खोलीच्या भिंती कापडाच्या असतात, त्या कॅम्पचे एका रात्रीचे भाडे महानगरातील पंचतारांकित हॉटेलापेक्षा अधिक कसे, हा प्रश्न कोणत्याही हिशेबी माणसाला पडतो. ही दोन्ही कोडी सुटली, की सफारी कधी, कोठे आणि कशी आखावी याचे उत्तर आपोआप हाती येते.

‘सफारी’ हा शब्दही मराठीला परका नाही. अरबीतील ‘सफर’ फारसीमार्गे मराठीत आला आणि तोच शब्द अरब व्यापाऱ्यांबरोबर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन स्वाहिली भाषेत ‘सफारी’ झाला. स्वाहिलीत त्याचा अर्थ आजही साधा प्रवास असाच आहे. वन्यप्राण्यांशी त्याचा संबंध पुढे पाश्चात्त्य शिकाऱ्यांनी जोडला.

## आवर्तनासारखा येणारा पूर

कालव्याचे आवर्तन सुटले तरी शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या बांधावर पाणी पोचायला काही दिवस लागतात, हे बागायती भागात सर्वांना ठाऊक असते. धरणाजवळ पाणी येऊन गेलेले असते, तेव्हा टोकाकडचा शेतकरी अजून वाट पाहत असतो. ओकावांगोचा पूर हे याच घटनेचे अवाढव्य रूप होय. अंगोला देशाच्या उंच पठारावर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पाऊस पडतो. ते पाणी कुबांगो आणि कुइतो या दोन नद्यांतून दक्षिणेकडे निघते. कुबांगो खडकाळ उतारावरून वेगाने धावते, तर कुइतो वाळूच्या प्रदेशातून आणि पाणथळींतून रमतगमत येते व आपले पाणी उशिरा सोडते. या दोघी मिळून झालेली ओकावांगो नामिबियाचा एक चिंचोळा पट्टा ओलांडून बोत्स्वानात शिरते.

बोत्स्वानात शिरल्यावर नदीचा वेग जवळजवळ संपतो, कारण पुढच्या सुमारे २५० किलोमीटरांत जमीन अवघी साठेक मीटर उतरते. एवढ्या सपाटीवर, कालाहारीच्या वाळूत मुरत आणि पॅपिरस नावाच्या उंच पाणगवतातून वाट काढत सरकणारे पाणी माणसाच्या चालण्याच्या गतीनेही पुढे जात नाही. परिणामी, सीमेवर साधारण एप्रिलमध्ये सर्वाधिक असलेला पूर त्रिभुज प्रदेशाच्या खालच्या टोकाला, माउन या गावापाशी पोचेपर्यंत जुलै-ऑगस्ट उजाडतो. तोवर स्थानिक पाऊस संपून तीन-चार महिने झालेले असतात, आजूबाजूच्या कालाहारीतील डबकी सुकलेली असतात आणि म्हणूनच हत्ती, रानम्हशी, काळविटाच्या कुळातील लेचवे आणि त्यांच्यामागून सिंह या नव्या पाण्याकडे वळतात. पुराचा आणि प्राण्यांच्या गर्दीचा असा दुर्मीळ मेळ पडतो, त्यामुळेच जून ते ऑक्टोबर हा येथील सफारीचा मुख्य हंगाम ठरला आहे.

हे पाणी समुद्राला मिळतच नाही. पूर्व आफ्रिकेतील प्रचंड खचदरीच्या हालचालींशी संबंधित भेगांनी येथील भूभाग खचला असून, माउनजवळची थामालाकाने भेग एखाद्या बंधाऱ्यासारखी पाण्याला आडवी उभी आहे. आलेल्या पाण्यापैकी बहुतेक सर्व बाष्पीभवनाने आणि झाडांच्या पानांवाटे हवेत जाते. २०१४ मध्ये हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाला. त्या यादीतील ते एक हजारावे स्थळ होते.

## वारुळातून उगवलेली बेटे

येथे एक रास्त शंका उभी राहते. पाणी सतत येते आणि उडून जाते, तर त्यातील क्षार कोठे जातात? उसाच्या पट्ट्यात अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी मराठी वाचकांनी पाहिल्या आहेत. त्या न्यायाने हा संपूर्ण प्रदेश केव्हाच खारट वाळवंट व्हायला हवा होता. तसे न होण्याचे श्रेय वाळवीला आणि झाडांना जाते.

पाणी ओसरलेल्या काळात वाळवी सपाट जमिनीवर वारूळ उभारते. पुढच्या पुरात त्या वारुळाचा माथा कोरडा राहतो, त्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून अंजिराच्या कुळातील झाडांच्या बिया पडतात आणि झाडे रुजतात. ही झाडे मुळांनी भोवतीचे पाणी ओढतात, पण क्षार मागेच ठेवतात. भूजलातील क्षार अशा रीतीने वर्षानुवर्षे बेटाच्या मध्याकडे साचत जातात. मोठ्या बेटावर पायी उतरले तर हा सारा इतिहास शंभर पावलांत वाचता येतो: काठावर दाट हिरवी झाडी, थोडे आत गेल्यावर क्षार सोसणारे ताड, आणि अगदी मधोमध पांढुरक्या पापुद्र्याची उघडी जमीन, जेथे गवताची काडीही उगवत नाही. मध्यभाग असा खारट झाल्यानेच भोवतीचे पाणी गोडे राहते.

या उथळ पाण्यातून फिरण्याचे साधन म्हणजे मोकोरो ही अरुंद होडी. पूर्वी ती एकाच झाडाचे खोड कोरून बनवीत. आता झाडे वाचावीत म्हणून बहुतेक ठिकाणी फायबरच्या होड्या वापरतात. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने तळ रेटतो, इंजिनाचा आवाज नसतो आणि डोळे पाण्याच्या पातळीला आल्याने देठावर बसलेला, नखाएवढा बेडूकही दिसतो. मात्र मोकोरो पाणी असेल तेथेच चालते. पुराचे प्रमाण दरवर्षी सारखे नसते आणि काही कॅम्पांभोवती वर्षातील मोजकेच महिने पाणी असते, म्हणून ‘मोकोरोची सोय आहे’ या जाहिरातीपेक्षा ‘त्या महिन्यात तेथे पाणी असते का’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

## काळ्या मातीची वेसण

सर्वच ठिकाणी पाणी पाहुण्यासारखे हळुवार येत नाही. झांबियातील दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात नोव्हेंबरच्या सुमारास पावसाळा सुरू होतो आणि लुआंग्वा नदी पात्राबाहेर पसरते. तेथील दऱ्याखोऱ्यांत आणि आफ्रिकेच्या इतर अनेक भागांत आढळणारी भारी चिकणमाती ही दख्खनच्या काळ्या कापसाच्या मातीचीच बहीण असून, तिला तेथेही काळ्या कापसाची माती याच अर्थाच्या नावाने ओळखतात. पाऊस पडला की ही माती फुगते, चाकाला लोण्यासारखी चिकटते आणि चारही चाकांना जोर देणारी जीपसुद्धा त्यात रुतते. उन्हाळ्यात तीच माती आक्रसून भेगाळते. विदर्भ-मराठवाड्यातील पांदण रस्त्याने पावसाळ्यात गाडी नेलेल्या माणसाला याहून अधिक स्पष्टीकरण नको.

या मातीमुळेच लुआंग्वाच्या आतल्या भागातील कित्येक छोटे कॅम्प दरवर्षी पावसाळा सरल्यावर लाकूड, गवत आणि बांबू वापरून नव्याने बांधले जातात आणि पुढचा पाऊस येण्याआधी मोडले जातात. जून ते ऑक्टोबर एवढाच त्यांचा संसार. याच खोऱ्यात नॉर्मन कार या वनाधिकाऱ्याने १९५० मध्ये न्सेफू या स्थानिक प्रमुखाच्या सहकार्याने पर्यटकांसाठी कॅम्प उघडला आणि त्याच्या उत्पन्नाचा लाभ स्थानिक समाजाला देण्याची पद्धत घातली. बंदूकधारी रक्षक व प्रशिक्षित वाटाड्या यांच्यासोबत दिवसचे दिवस पायी फिरण्याची जी सफारी आज लोकप्रिय आहे, ती पुढे याच खोऱ्यात रुजली.

मध्य आफ्रिकेतील चाड या देशाचे झाकूमा राष्ट्रीय उद्यान हे याहूनही दुर्गम उदाहरण. पावसाळ्यात त्याचा मोठा भाग पाण्याखाली जातो आणि साधारण नोव्हेंबर ते मे याच काळात तेथे जाता येते. पाणी आटत आले की मार्च-एप्रिलमध्ये उरलेल्या डोहांवर पक्ष्यांचे आणि प्राण्यांचे अफाट थवे व कळप जमतात. २००२ मध्ये चार हजारांहून अधिक असलेले तेथील हत्ती चोरट्या शिकारीमुळे २०१० पर्यंत साडेचारशेच्या आसपास उरले होते. त्या वर्षी आफ्रिकन पार्क्स या संस्थेने व्यवस्थापन हाती घेतले, शिकारीला आळा बसला आणि २०१८ च्या गणनेत हत्तींची संख्या साडेपाचशेच्या पुढे गेलेली आढळली.

## गवतामागे चालणारे कळप

टांझानियातील सेरेंगेटी आणि केनियातील मासाई मारा येथील बारा-तेरा लाख विल्डबीस्ट, म्हणजे गाईसारख्या बांध्याची रानटी हरणे, यांचे स्थलांतरही पाण्याच्याच तालावर चालते. दक्षिणेकडील आखूड गवताची मैदाने ज्वालामुखीच्या राखेतून बनली असल्याने तेथील गवत खनिजांनी समृद्ध आहे. पाऊस असतो तोवर, म्हणजे जानेवारी ते मार्चच्या सुमारास, माद्या तेथे विणतात. पाऊस सरताच ती मैदाने कोरडी पडतात, कळप पश्चिमेकडून उत्तरेस सरकतात आणि बारमाही वाहणाऱ्या मारा नदीपाशी जुलै ते ऑक्टोबर या काळात पोचतात. मगरींनी भरलेली नदी ओलांडणारे कळप याच काळात दिसतात, परंतु ती घटना कोणत्या दिवशी घडेल हे कोणीही सांगू शकत नाही. त्यामुळे एका रात्रीच्या मुक्कामात ती ‘दाखविण्याची’ हमी देणारा आयोजक आपल्या अधिकाराबाहेरचे आश्वासन देत असतो.

## कापडी खोली महाग का पडते

आता दुसऱ्या कोड्याकडे वळता येईल. कोणत्याही निवासाचा खर्च पाहुण्यांच्या संख्येने भागला जातो. तीनशे खोल्यांच्या हॉटेलात एक स्वयंपाकघर, एक जनित्र, एक व्यवस्थापक तीनशे खोल्यांत वाटला जातो. दहा तंबूंच्या कॅम्पला हे सारे लागतेच, पण वाटेकरी दहाच असतात. शिवाय वाटाडे, माग काढणारे, नावाडी, यांत्रिक आणि पहारेकरी यांची भर पडते.

एका टोमॅटोचा प्रवास डोळ्यांपुढे आणला तरी हे गणित उलगडते. ओकावांगोच्या बेटावरील न्याहारीच्या ताटलीतला टोमॅटो आधी दूरवरून ट्रकने माउनला येतो, तेथून वाळूच्या वाटेने, होडीने किंवा छोट्या विमानाने बेटावर पोचतो, आणि त्याबरोबर आलेली खोकी, बाटल्या व इतर कचरा त्याच वाटेने परत न्यावा लागतो, कारण बेटावर काहीही पुरण्याची मुभा नसते. वीज सूर्यप्रकाशातून मिळवावी लागते, सांडपाणी शुद्ध करावे लागते आणि कराराची मुदत संपल्यावर कॅम्प हलवता यावा, मागे खूण राहू नये, म्हणून काँक्रीट टाळून लाकडी चौथऱ्यावर कापड ताणले जाते. तंबूची निवड सजावटीपेक्षा या अटींमधून झालेली असते.

सर्वांत मोठा घटक मात्र जमिनीचा आहे. बोत्स्वानाने १९९० च्या पर्यटन धोरणात पर्यटक थोडे आणि उत्पन्न जास्त हे सूत्र स्वीकारले. वनक्षेत्राचे मोठमोठे भाग ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले जातात, त्यांना कन्सेशन म्हणतात, आणि अशा क्षेत्रात किती खाटा असाव्यात हे करारातच ठरलेले असते. भाडे हजारो एकरांचे आणि ते भरणारे पाहुणे पंधरा-वीस, असा तो हिशेब असतो. ताडोबाच्या प्रवेशद्वारापाशी रांग लावणाऱ्या आणि वाघ दिसताच एका ठिकाणी दाटी करणाऱ्या जिप्सी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या रिकामेपणाचे मोल कळणे अवघड नाही.

## आडवाट म्हणजे काय

नकाशावर लांब असलेले ठिकाण आडवाटेचे असतेच असे नाही. खरा फरक जमिनीच्या प्रकाराने पडतो. सरकारी राष्ट्रीय उद्यानांत बहुधा ठरलेल्या रस्त्यावरून, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेतच फिरता येते. खासगी कन्सेशनमध्ये आणि स्थानिक समाजाच्या राखीव क्षेत्रांत रात्रीची फेरी, रस्ता सोडून गाडी नेणे आणि पायी भटकणे यांना बहुधा परवानगी असते. म्हणून एकाच प्रसिद्ध प्रदेशात राहूनही आडवाट साधता येते. मासाई मारा राखीव क्षेत्राला लागून असलेल्या जमिनी मासाई मालक कॅम्पांना भाड्याने देतात व तंबूंची संख्या मर्यादित ठेवतात. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावसमूहांना आपल्या भूमीवरील वन्यजीवांच्या व्यवस्थापनाचे आणि उत्पन्नाचे हक्क मिळाले आणि वाळवंटातील हत्ती व गेंडे पाहण्याची सोय त्यातून उभी राहिली. ओकावांगोतील मोरेमी अभयारण्यही १९६३ मध्ये बातवाना या स्थानिक समाजाने स्वतःच्या जमिनीवर स्थापन केले आहे.

मर्यादा आणि किंमत यांचा सर्वांत उघड संबंध रवांडात दिसतो. तेथे पर्वतीय गोरिलांच्या एका कुटुंबाला दिवसाकाठी आठच पर्यटक, तेही एका तासासाठी भेटू शकतात. गोरिलांना माणसाचे आजार जडू शकतात, हे त्यामागचे मुख्य कारण. २०१७ मध्ये या परवान्याचे शुल्क माणशी दीड हजार डॉलर करण्यात आले आणि उद्यानाच्या उत्पन्नातील भोवतालच्या गावांचा वाटा दहा टक्के ठरला.

## आखणीचा क्रम

सर्वसाधारणपणे पर्यटक आधी देश निवडतो, मग हॉटेल आणि शेवटी तारखा. सफारीत हा क्रम उलटा लागतो. प्रथम महिना, मग त्या महिन्यात पाणी कोठे असेल त्याचा विचार, मग जमिनीचा प्रकार आणि अखेरीस कॅम्प.

मराठी कुटुंबांच्या सुट्ट्यांना हे लावून पाहिले तर चित्र स्पष्ट होते. मे महिन्यात पूर्व आफ्रिकेत ‘मसिका’ म्हणजे मोठा पावसाळा चालू असतो आणि तेथील अनेक कॅम्प बंद असतात. त्याच महिन्यात बोत्स्वानातील पाऊस मात्र संपलेला असतो आणि पूर खाली सरकू लागलेला असतो. गणेशोत्सवाच्या सुमारास मारा नदी, ओकावांगो आणि लुआंग्वा ही तिन्ही ठिकाणे ऐन भरात असतात. दिवाळीत दक्षिणेकडे उकाडा टिपेला पोचलेला असतो. प्राणी उरल्यासुरल्या पाण्यावर भरपूर दिसतात, पण तंबूतील दुपार सोसावी लागते आणि पहिला पाऊस कोणत्याही दिवशी येऊ शकतो. जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिण सेरेंगेटीत पाडसे जन्मतात. विषुववृत्ताच्या दक्षिणेस जून-जुलै हा हिवाळा असतो, हे विसरून सुती कपडे नेणारा प्रवासी पहाटेच्या उघड्या गाडीत कुडकुडतो.

छोट्या विमानांचेही स्वतःचे नियम असतात. सामान पोटाखालच्या अरुंद कप्प्यात कोंबावे लागते, त्यामुळे चाकांची कडक पेटी चालत नाही. बोत्स्वानात साधारण वीस आणि पूर्व आफ्रिकेत पंधरा किलोची, तीही मऊ पिशवीतील, मर्यादा असते. कपडे निवडताना निळा व काळा रंग टाळावा, कारण त्सेत्से ही चावरी माशी त्या रंगांकडे ओढली जाते. तिला पकडण्याचे सापळेही याच रंगांच्या कापडाचे असतात.

परतीच्या प्रवासाचा विचारही निघण्यापूर्वीच करावा लागतो. केनिया किंवा युगांडासारख्या पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून भारतात परतताना लसीकरणाचे प्रमाणपत्र नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. ही लस ठरावीक अधिकृत केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र टोचून घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात.

चौकट : थोडक्यात

• आधी महिना ठरवावा, त्या महिन्यात पाणी कोठे आहे ते पाहावे आणि मगच देश निवडावा.
• ओकावांगो : जून ते ऑक्टोबर. लुआंग्वा : जून ते ऑक्टोबर. मारा नदी : जुलै ते ऑक्टोबर. दक्षिण सेरेंगेटी : जानेवारी ते मार्च. झाकूमा : मार्च-एप्रिल.
• राष्ट्रीय उद्यान की कन्सेशन, हे विचारावे. रात्रीची फेरी आणि पायी भटकंती त्यावर अवलंबून असते.
• एका ठिकाणी किमान तीन रात्री राहावे. रोज कॅम्प बदलल्यास दिवस धावपट्ट्यांवर जातात.
• मऊ पिशवी, गरम कपडे, पीतज्वराचे प्रमाणपत्र आणि विमानाने रुग्ण हलविण्याचा समावेश असलेला विमा सोबत असावा.

सफारीचा दर पाहून ती महाग की स्वस्त हे ठरवता येत नाही, कारण एका दरात किती एकर जमीन, किती माणसांची मजुरी आणि किती माणसांची अनुपस्थिती विकत घेतली जाते हे त्यात छापलेले नसते. ते जाणून घेण्यासाठी आयोजकाला दोनच प्रश्न पुरेत: ‘आम्ही येऊ त्या आठवड्यात तेथे पाणी कोठे असेल?’ आणि ‘त्या जमिनीवर एकूण खाटा किती आहेत?’ या दोन्हींची नेमकी उत्तरे ज्याला देता येत नाहीत, त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरू नये.